डाव्या हाताचे शिक्षण

पेटी वाजविणाऱ्या माणसाचा डावा हात तसा निरक्षर असतो. उजव्या हाताची बोटे गायकाच्या मागोमाग पट्ट्यांवरून धावत असतात, तेव्हा तो मुकाट्याने भाता हलवीत राहतो. सगळे स्वर त्याच्याच कष्टावर उभे असतात. पण त्या स्वरांची नावे मात्र त्याला ठाऊक नसतात. सिकंदराबादच्या एका जुन्या वस्तीत, निवृत्त पियानोशिक्षिकेच्या घरी, मराठीचे एक प्राध्यापक वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आपला असा हात घेऊन शिकावयास जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांचा उजवा हात पट्ट्यांवर सहज फिरताना पाहून बाई काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी डावा हात उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "मास्तर, हा तुमचा हात शाळेत गेलेलाच नाही."

बाई मूळच्या गोव्याच्या. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत त्या सॉल्फेज शिकल्या, लग्नानंतर रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर सिकंदराबादला आल्या आणि पुढे जन्मभर मुलांना परीक्षांसाठी पियानो शिकवीत राहिल्या. प्राध्यापक मूळचे मिरजेचे. वडील विठ्ठलमंदिरात भजनाला पेटीची साथ करीत. नोकरी दुसरीच होती, पण गावात त्यांची ओळख पेटीवाले म्हणूनच होती. मुलाने पेटी उचलली ती वडिलांच्या मांडीला मांडी लावून. थोरल्या मुलीने, म्हणजे अक्काने, गाणे उचलले. घरात वाद्य एकच, गळा एक आणि हात दोघांचे, अशी ती वाटणी होती.

पेटीवाल्याने पियानोकडे वळावे यात वरवर पाहता अवघड काही नाही. पट्ट्यांची मांडणी तीच, काळ्यापांढऱ्यांचा क्रम तोच. पेटी तरी कुठे इथली? पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्या वाद्याचा भाता पायांनी चालत असे आणि वाजविणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असत. आपल्याकडे बैठक जमिनीवरची. तेव्हा वाद्यही खाली आले, त्याची हातपेटी झाली, आणि त्या क्षणी डावा हात पट्ट्यांवरून निघून भात्यावर गेला. हे नुकसान कुणाला जाणवले नाही, कारण आपल्या गाण्याला त्या हाताची गरजच नव्हती. मराठी रंगभूमीवरच्या ऑर्गनला दोन्ही हात मोकळे होते. तरी साथ करताना ते बहुधा एकच चाल धरीत. चालच एक होती, तेव्हा दुसऱ्या हाताने वेगळे काय सांगावे?

प्राध्यापकांना पियानोकडे नेले ते एका ध्वनिमुद्रिकेने. १९५९ साली न्यूयॉर्क येथे माइल्स डेव्हिस आणि त्यांच्या साथीदारांनी 'काइंड ऑफ ब्ल्यू' ध्वनिमुद्रित केली. तिच्यातील पहिली रचना 'सो व्हॉट'. सुरुवातीच्या संथ प्रस्तावनेनंतर चाल येते ती तुतारीवर नव्हे, तर पॉल चेंबर्स यांच्या खर्जातल्या बासवर. आणि त्या चालीच्या प्रत्येक तुकड्याला बिल एव्हन्स यांचा पियानो दोन आघातांचे उत्तर देतो. पोवाड्यात शाहिराची ओळ झीलकरी उचलून धरतात, तसे. एका सहकाऱ्याच्या घरी ते ऐकताना प्राध्यापकांना वाटले, की हे उत्तर आपण पूर्वी कुठे तरी ऐकले आहे. पण कुठे, ते मात्र सांगता येईना. तेवढे दोन आघात शिकवा, एवढीच त्यांची बाईंकडे मागणी होती. बाईंनी ती नाकारली. "आधी मायनर सेव्हन्थ," त्या म्हणाल्या, "आणि तीही बारा घरांत."

कॉर्ड म्हणजे एकाच क्षणी वाजणारा स्वरसंघ. मायनर सेव्हन्थ हा चार स्वरांचा संघ आहे आणि त्याची रचना कुणालाही पट्ट्या मोजून पाहता येण्याजोगी आहे. कोणत्याही पट्टीवरून निघावे, काळीपांढरी न वगळता तीन पायऱ्या चढाव्या, मग चार, मग पुन्हा तीन. पांढरी दोनपासून निघाले तर पांढरी चार, पांढरी सहा आणि वरच्या सप्तकातील पांढरी एक मिळते. चारही पट्ट्या पांढऱ्या. तिच्या शेजारची काळी दोन घेतली तर काळी तीन, काळी पाच आणि वरची काळी एक, चारही काळ्या. बारांपैकी एवढी एकच संपूर्ण काळी आहे. उरलेल्यांत काही संपूर्ण पांढऱ्या, बाकीच्यांत दोन्ही रंगांची कमीअधिक सरमिसळ. तीन, चार, तीन हे माप खालून वर वाचले काय आणि वरून खाली वाचले काय, सारखेच येते. चित्रकाव्यातील विलोम श्लोक ज्यांनी वाचले आहेत, त्यांना या गोष्टीची गंमत निराळी सांगावयास नको.

आपल्या भाषेत सांगावयाचे तर हे स्वर म्हणजे षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि कोमल निषाद. प्राध्यापकांना ते ओळखीचे वाटले यात नवल नव्हते. भीमपलासाच्या आरोहातून मध्यम काढून घेतला की हेच चार उरतात. पण भीमपलासात ते एकामागून एक येतात, आणि त्या येण्यातच राग असतो. निषादावरून षड्जावर यावयाचे, गंधाराला हलकेच स्पर्श करून मध्यमावर विसावावयाचे, पंचमाकडे जाण्याआधी क्षणभर घुटमळावयाचे. इथे चौघे एका दारातून एकदम आत शिरतात. पेटीवर वाढलेल्या कानाला हा प्रकार प्रथम गर्दीसारखा वाटला. खालच्या सप्तकात तर स्वर वेगळे ऐकूच येत ना. नुसता घोगरा गलका होई. बाईंनी त्यावर उपाय सांगितला: पंचम सोडून द्या. "तळाच्या स्वराच्या पोटात तो असतोच. नाही वाजवला तरी कान त्याला धरून चालतो." ज्याच्या घरी तंबोरा पंचम-षड्जाच्या आधारावर बोलतो, त्या माणसाला पंचम सर्वांत आधी वगळण्याजोगा ठरावा, हे पचविण्यास दोन आठवडे लागले.

मग नियम आला. युरोपच्या अठराव्या शतकातील संगीतशास्त्रात सातवा स्वर हा पाहुणा मानला जाई, आणि पाहुण्याला शिष्टाचार असत. त्याने अचानक यावयाचे नाही. आधीच्या संघात तो निरुपद्रवी स्वर म्हणून हजर असला पाहिजे. आल्यावर त्याने रेंगाळावयाचे नाही. पुढच्या संघात एक पायरी खाली उतरून आपला विसंवाद मिटविला पाहिजे. बाईंचा पहिला पाठ याच नियमाचा होता. डाव्या हातात पांढरी दोन, उजव्यात चार आणि वरची एक. मग डावा हात पांढरी पाचवर जातो. उजव्यात चार तशीच राहते आणि वरची एक उतरून सात होते. मग डावा हात पांढरी एकवर येतो. आता सात तशीच राहते आणि चार उतरून तीन होते. एक बोट थांबते तेव्हा दुसरे उतरते. दुसरे थांबते तेव्हा पहिले उतरते. तळ मोठ्या उड्या घेतो आणि वरचे दोघे एकेका अर्ध्या पायरीने घरी पोहोचतात. असंख्य इंग्रजी गीते आणि जाझमधल्या रचना या तीन पावलांवर उभ्या आहेत. प्राध्यापक हा पाठ रात्री जेवणाच्या टेबलावर बोटे ठेवून घोकीत असत. त्यांच्या पत्नीने एकदा विचारले, "हे काय मोजताय?" तेव्हा त्यांना उत्तर देता आले नाही.

डावा हात शिकू लागला तसा एक वेगळाच प्रश्न पुढे आला. पांढरी दोन, चार, सहा, एक ही मायनर सेव्हन्थ वाजविताना त्यांचा डावा हात एके दिवशी चुकून पांढरी चारवर पडला. उजव्यातले स्वर तेच. पण सबंध संघाचा चेहरा पालटला. मघाशी जो सांजवेळी अंगणात उभा असल्यासारखा वाटत होता, तो आता उन्हात येऊन बसला. बाई हसल्या. "ही आता मायनर सेव्हन्थ राहिली नाही. पांढरी चारची मेजर, आणि तिच्यात सहावा मिळवलेला. नाव बदललं."

या संघाच्या पोटात दोन त्रिकुटे दडलेली आहेत: खालचे तीन स्वर घेतले तर मायनर, वरचे तीन घेतले तर मेजर. कुणाला घराचा मालक म्हणावयाचे, ते तळाचा स्वर ठरवितो. फ्रेंच संगीतकार रामो यांनी १७२२ मध्ये स्वरसंवादावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वरांची खालीवर अदलाबदल केली तरी संघाचे मूळ एकच राहते, हा विचार त्यात त्यांनी मांडला. आणि पुढे याच चार स्वरांपाशी ते अडले. यांचे मूळ दोन ठिकाणी दाखविता येत होते. तेव्हा त्यांनी या संघाचा दुहेरी विनियोग मान्य केला: आला तेव्हा तो एका कुळातला, गेला तेव्हा दुसऱ्या कुळातला.

भारतीय संगीताच्या अभ्यासकाला ही अडचण परकी नाही. आपल्याकडे तिला मूर्च्छना म्हणतात. धानी रागाचे पाच स्वर घ्यावे: षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. आता त्यातल्या गंधारालाच षड्ज माना. एकही पट्टी न बदलता भूप उभा राहतो. धानीची ती चंचल, किंचित व्याकूळ वाट आणि भूपाचे ते प्रशस्त, निर्मळ अंगण यांत स्वरांचा फरक काहीच नाही. फरक आहे तो उभे कुठे राहिलो याचा. 'सो व्हॉट'मधले पियानोचे उत्तरही याच मातीतले निघाले. त्यातला दुसरा आघात पाच स्वरांचा आहे: खालून वर पांढरी दोन, पाच, एक, चार, सहा. पांढरी दोनला षड्ज मानले तर ते होतात षड्ज, मध्यम, कोमल निषाद, कोमल गंधार आणि पंचम. मायनर सेव्हन्थचे चार, त्यात मध्यम मिळविलेला; म्हणजे सबंध धानी, बहुतेक षड्ज-मध्यमाच्या अंतराने एकावर एक रचलेला. पहिला आघात तोच, फक्त एक स्वर वरून घेतलेला. कुठे ऐकले होते, याचे उत्तर प्राध्यापकांना मिळाले. अर्थात न्यूयॉर्कच्या त्या पियानोवादकाच्या मनात धानी नव्हता. पण स्वरांची अंतरे कुणाच्या मालकीची नसतात.

भारतीय भाषांच्या अभ्यासकाने तर रोज हेच पाहिलेले असते. 'उपन्यास' हा शब्द हिंदीत आणि बंगालीत कादंबरी होतो, तेलुगूत व्याख्यान होतो. 'चेष्टा' बंगाल्याला प्रयत्नाकडे नेते, मराठी माणसाला थट्टेकडे. हिंदी माणूस 'शिक्षा' घेऊन शहाणा होतो, मराठी माणूस शिक्षा भोगून. उच्चार तोच, अक्षरे तीच. तळाला भाषा दुसरी आली की शब्दाचे कूळ पालटते. अशा शब्दांना आपण फसवे म्हणतो. ते फसवे नसतात. ते ज्या घरी असतील त्या घराशी प्रामाणिक असतात. हैदराबादेत वीस वर्षे मराठी शिकविताना प्राध्यापकांनी हे विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितले होते. मात्र ते सांगताना आपण स्वतः कोणत्या तळावर उभे आहो, असे त्यांना कुणी विचारले नव्हते.

तो प्रश्न मिरजेत उपस्थित झाला. वडिलांच्या पुण्यतिथीला घरी संध्याकाळी भजन असते. अक्का गाते, प्राध्यापक वडिलांच्याच पेटीवर साथ करतात. त्या वर्षी अक्काने भीमपलासातला अभंग धरला. तिची पट्टी काळी चार. साथ नेहमीसारखी चालली होती. दुसऱ्या कडव्याला अक्का षड्जावर थांबली, आणि प्राध्यापकांच्या उजव्या हाताने, कुणी न सांगता, काळी चार, पांढरी सात, काळी दोन, काळी तीन असा सबंध संघ दाबला. बारा घरांतले हे घर त्यांना सर्वांत कठीण गेले होते; म्हणूनच कदाचित हाताला ते दाखवावेसे वाटले. पेटीचा स्वर टिकणारा. भाता चालू असेतो तो संघ हवेत उभा राहिला. माजघरातले दोघे-तिघे कौतुकाने मान हलवू लागले. अक्का गायची थांबली.

"बंद कर ते," ती म्हणाली. अभंग तिने तसाच पुढे नेला आणि पुरा केला. रात्री सगळे पांगल्यावर ती त्यांच्यापाशी येऊन बसली. आवाजात राग नव्हता. "मी गंधारावर पोचायच्या आधीच तू तो सांगून टाकलास. मग मी कशाला जाऊ तिथं?"

हे वाक्य प्राध्यापकांच्या मनातून गेले नाही. अक्काने संगीतशास्त्र वाचलेले नाही. पण दोन संगीतपद्धतींमधला सगळा वाद तिने एका प्रश्नात मांडला होता. रागात स्वर हे ठिकाण असते आणि गाणे म्हणजे तिथवरची वाट. गंधार कधी येणार, कुठून येणार, याच्या प्रतीक्षेत श्रोता बसलेला असतो. कॉर्ड ही प्रतीक्षा संपवून टाकते. जे येणार आहे ते ती आधीच दारात उभे करते. तिच्यापाशी वेगळी प्रतीक्षा आहे, एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे जाण्याची. पण अक्काला कुठेच जावयाचे नव्हते. तिला एका षड्जापाशी राहून त्याच्याभोवतीचे सगळे अंतर पायी चालावयाचे होते.

यात आणखी एक भीती मिसळली. सिकंदराबादला परतल्यावर प्राध्यापकांनी मिरजेहून आणलेला तंबोरा जुळविला आणि कैक महिन्यांनी स्वतः भीमपलास गाऊन पाहिला. गंधार झटकन लागला, फार झटकन. वडील गात तेव्हा तो स्वर मध्यमाच्या ओढीने हलत असे. आता तो खिळ्यासारखा एका जागी बसला. सप्तकाचे बाराशे भाग कल्पिले, तर सहास पाच या शुद्ध प्रमाणाचा कोमल गंधार सुमारे ३१६व्या भागावर येतो. पियानोचा ३००वर ठोकलेला असतो. कोमल निषादाचीही तीच कथा: शास्त्रात त्याच्या ९९६ आणि १०१८ अशा दोन जागा सांगता येतात, पियानोला १००० ही एकच ठाऊक. अंतर पाहू गेल्यास अल्प आहे. पण वडिलांचा आवाज ज्याच्यात उरला होता तो एवढ्याच अंतरात.

पियानोला दोष देणे सोपे होते, पण न्याय्य नव्हते. समान अंतरांच्या पट्ट्या पेटीलाही आहेतच. तिच्याविरुद्धचा मुख्य आक्षेप हाच होता, आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढले तेही अशाच मतांच्या जोरावर. ती बंदी काही दशके टिकली. तरी मंदिरांत, नाटकांत, घराघरांत पेटी राहिली. वडील त्याच पेटीवर साथ करीत आणि गळ्यातला गंधार मात्र गळ्यापाशीच ठेवीत. त्यांच्या पेटीने तो कधी सांगितला नाही. अक्का गंधारावर गेली की ती मागून जाई, पुढे कधीच नाही. साथीचा अर्थच तो. सोबत असणारा माणूस अर्धे पाऊल मागे असतो.

बाईंना त्यांनी घडलेले सगळे सांगितले. पियानो सोडावा असे मनात आहे, हेही सांगितले. बाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "गाणारीच्या डोक्यावर कॉर्ड कोणी शिकवली तुम्हाला? मी नाही."

मग त्या मुंबईविषयी बोलल्या. त्यांच्या तरुणपणी गोव्यातले कितीतरी वादक मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत होते. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ही माणसे. समोर येई ती मात्र रागदारीतली चाल. तिच्याखाली स्वरसंघ बसवावयाचे आणि चालीचा जीव जाऊ द्यावयाचा नाही, हे त्यांचे रोजचे काम होते. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा त्यांच्यातलेच. माजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू; त्यांनी १९५८ मध्ये राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एकत्र आणणाऱ्या रचनांसाठी स्वतंत्र वाद्यवृंद उभा केला. २०१२ मध्ये ते निवर्तले. पुष्कळांना त्यांचे नाव माहीत आहे ते १९७७च्या चित्रपटातल्या एका विनोदी गाण्यामुळे. या मंडळींनी तौलनिक संगीतावर ग्रंथ लिहिले नाहीत. पण त्या काळची गाणी लक्ष देऊन ऐकली तर त्यांची रीत सापडते: गायिका गात असते तेव्हा व्हायोलिने पातळ होतात, आणि तिने श्वास घेतला की ती भरून येतात. भाषांतरकाराला हेवा वाटावा असे ते काम आहे. परक्या भाषेतले व्याकरण त्यांनी आणले, आणि ते मूळ वाक्याच्या वर न ठेवता खाली, किंवा वाक्य संपल्यावर ठेवले.

"पियानोचा स्वर वाजला की मरायला लागतो," बाई म्हणाल्या, "म्हणून त्याच्यावर चौघांना एकदम बोलावलं तरी चालतं. ते निघून जातात. तुमच्या पेटीवर ते बसून राहतात. पेटीवर दोघंच बोलवा. आणि गाणारी जिथं जायची आहे, त्याला बोलवू नका."

त्यानंतरचे सबंध वर्ष वगळण्यात गेले. मायनर सेव्हन्थमधून पंचम पूर्वीच गेला होता. आता गंधारही जावयाचा होता, कारण तो अक्काचा. उरले दोघे: तळाचा षड्ज आणि वरचा कोमल निषाद. एवढ्यावर त्या संघाला मायनर म्हणण्याचा अधिकारही राहत नाही, कारण मायनर आणि मेजर यांतला भेद सांगणारा गंधारच नाही. पण एक गोष्ट उरते. निषाद वाजत राहतो आणि कुठे उतरत नाही. जुन्या नियमातला तो पाहुणा, ज्याने आल्या पावली खाली उतरून आपला विसंवाद मिटवावयाचा, तो इथे नुसता बसलेला असतो. 'सो व्हॉट'मध्येही असेच घडते. बत्तीस मात्राखंडांच्या त्या आवर्तनात पहिले सोळा एकाच पांढऱ्या मायनरवर, मग आठ तिच्या शेजारच्या काळीवर, मग आठ पुन्हा पांढरीवर. सातव्या स्वराला कुणी घरी जा म्हणत नाही, कारण तेच घर झालेले असते. तंबोऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे ऐकताना परके वाटण्याचे कारण नाही. प्राध्यापकांना वाटले, पश्चिमेचा हा पाहुणा इतक्या वर्षांनी जिथे येऊन बसला, तिथे आपली माणसे आधीपासून बसलेली होती.

राहिला भाता. पियानोवर शिकलेल्या डाव्या हाताला पेटीपाशी पट्ट्या मिळणार नव्हत्या. तिथे त्याचे काम पुन्हा जुनेच. पण आता त्याला एक गोष्ट कळली होती, की स्वराला मरू देता येते. दोन पट्ट्या दाबावयाच्या आणि भात्याचा जोर हळूहळू काढून घ्यावयाचा, म्हणजे ते दोघे पियानोच्या स्वरांसारखे विरत जातात. वडील असे करीत असत का, हे आठवून पाहण्याचा प्रयत्न त्यांनी केला. त्यांच्या डाव्या हाताकडे मुलाने कधी लक्षच दिले नव्हते. त्याची दृष्टी सदैव उजव्याच्या बोटांवर असे.

पुढच्या पुण्यतिथीला अक्काने तोच अभंग म्हटला. दुसऱ्या कडव्यात ती षड्जावर थांबली तेव्हा पेटी गप्प होती. तिने गंधार घेतला, तो हलविला, मध्यमावर जाऊन परत आली आणि ओळ पुरी करून श्वास घेतला. तेवढ्या अवकाशात पेटीवर षड्ज आणि कोमल निषाद उमटले आणि तिची पुढची ओळ येण्याआधी विरून गेले. हे एकदाच घडले. रात्री जेवणे झाल्यावर अक्का म्हणाली, "मधे काहीतरी वाजवलंस. बाबांचं नव्हतं ते."

"नव्हतं," प्राध्यापक म्हणाले.

"पण आडवं नाही आलं," असे म्हणून ती ताटे उचलावयास उठली.

सिकंदराबादला परतल्यावर त्यांनी बाईंना ते दोन स्वर पियानोवर वाजवून दाखविले. बाईंनी डोळे मिटून ऐकले. निषाद फार खाली घेतला आहे, तो एक सप्तक वर न्यावा, म्हणजे दोघांमध्ये माणसाचा आवाज मावेल इतकी जागा राहील, असे त्यांनी सुचविले. मग त्यांनी वही उघडली. बारांपैकी नऊ घरे झाली होती, तीन अजून बाकी होती.